चौथी फेरी

जन्मभर पुण्यात राहून कुणालाही सल्ला न दिलेलं एकच माणूस मी पाहिलं आहे. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतल्या गोसावी बाई. बाकी इथे पत्ता विचारला, तर आधी 'तिथे कशाला जाताय' असा प्रश्न येतो आणि मग खरं तर कुठे जायला हवं ते फुकट सांगितलं जातं. बाईंपुढे कुणी गुडघेदुखीचं रडगाणं गायलं, तर त्या तेलही सुचवायच्या नाहीत आणि वैद्यही. चष्मा वर सरकवून विचारायच्या, "किती दिवस? एका आठवड्याहून कमी, एक ते चार आठवडे, की त्याहून जास्त?" समोरचा गोंधळला की लगेच, "पर्याय परत वाचून दाखवू का?"

बाई एका आरोग्य संशोधन संस्थेत सर्वेक्षणाचं काम करायच्या. चुलीचा धूर, तान्ह्या बाळांचं दूध, बायकांची मनं, त्या वर्षी संशोधकांना जे हवं असेल त्याचे प्रश्न घेऊन त्या दारोदार फिरायच्या आणि उत्तरं फॉर्मात भरायच्या. तीस वर्षांत त्या कामाचे नियम त्यांच्या हाडीमांशी भिनले होते. उत्तर सुचवायचं नाही. ऐकताना चेहरा बदलायचा नाही. आणि मुलाखत संपेपर्यंत त्या घरचा चहा घ्यायचा नाही, कारण चहा प्यायला की माणूस मिंधा होतो.

हे नियम त्या मंडईतही पाळायच्या. 'मेथी ताजी आहे का' असं त्या कधीच विचारायच्या नाहीत, कारण त्यात उत्तर सुचवलं जातं. एकदा मी बरोबर होते. बाईंनी विचारलं, "मेथी कधी काढली? आज सकाळी, काल संध्याकाळी, त्याआधी, की सांगता येत नाही?" भाजीवालीने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "घ्यायची तर घ्या बाई, न्हाईतर पुढं व्हा. परीक्षा कसली घेताय?" बाईंनी शांतपणे मान हलवली आणि मला म्हणाल्या, "उत्तर देण्यास नकार. असाही पर्याय असतो."

शेजारच्या प्लॉटवर टॉवर उठायला लागला तेव्हा बाईंनी आणखी एक उद्योग काढला. गॅलरीत दोरी बांधली आणि सात पांढरे हातरुमाल काढले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने वार भरलेला, सोमवार ते रविवार. रोज त्या त्या वाराचा रुमाल ओला करून धुळीत टांगायचा आणि रविवारी सगळे शेजारी शेजारी ठेवून कोणता किती काळा झाला ते वहीत लिहायचं. आमच्या सेक्रेटरींनी नोटीस काढली, की धुणं वाळत घालण्यासाठी गच्ची आहे. बाईंनी नोटिशीखालीच लिहिलं, 'हे धुणं नाही, पुरावा आहे.' आम्ही पोट धरून हसलो होतो. पण बिल्डरने जाळी लावली ती बाईंची वही पाहूनच, हे कबूल केलं पाहिजे.

मी तेव्हा हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा पगार मिळायचा, त्यामुळे पुण्यात मला फार शिकावं लागलं नाही. रेवा झाली तेव्हा नवरा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत होता. आई सांगलीहून आली, चाळीस दिवस राहिली आणि वडिलांच्या मोतीबिंदूसाठी परत गेली. मला म्हणाली, "आता तू तयार झालीस." मला मात्र काहीच येत नव्हतं. रेवा रडायला लागली की मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. तिला पाजायचे, पुसायचे, पण ती माझी आहे असं काही केल्या वाटत नव्हतं. याची इतकी लाज वाटायची, की फोनवर नवऱ्याला मी रोज 'मजेत' म्हणायचे.

बाई सोसायटीतल्या प्रत्येक बाळाचं वजन करायच्या. दाराच्या चौकटीला काटा अडकवून खाली कापडाची झोळी. एके दिवशी सकाळी बेल वाजली तेव्हा त्याच असणार हे मला कळलं, पण मी उठले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वाजली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. मी उशी कानावर घेतली.

चौथ्या दिवशी बेल वाजलीच नाही. दाराबाहेर पायरीवर कुणीतरी बसल्याचा आवाज आला आणि मग बाईंचा, अगदी नेहमीचा कोरडा सूर. "स्वाती, आमचा नियम आहे. वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या मारायच्या. दार उघडलं नाही, तर 'घर बंद' लिहून पुढच्या घरी जायचं. नोकरी नवीन होती तेव्हा शनिवार पेठेत एका बाळंतिणीच्या घराला मी तसं लिहिलं होतं. ती आत होती. बाहेर कुलूप नव्हतं, ते मी बघितलंच नाही. पुढे महिन्याने तिला दवाखान्यात उचलून न्यावं लागलं. वाचली ती. पण तेव्हापासून मी चौथी फेरी मारते. ती फॉर्मात कुठे लिहायची नसते." मग म्हणाल्या, "तुझ्याही दाराला बाहेर कुलूप नाही."

मी दार उघडलं. बाईंनी माझ्या अवताराकडे पाहिलंच नाही. रेवाला झोळीत घातलं, काटा वाचला, वजन लिहिलं आणि वहीचं पान उलटलं. "आता तुझे प्रश्न. गेल्या पंधरा दिवसांत रडू आलं? कधीच नाही, कधीतरी, बऱ्याचदा, की रोज?"

"रोज," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा तसूभरही बदलला नाही. 'असं होतंच' नाही, 'इतकं गोड बाळ आहे आणि काय हे' नाही. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. त्या न बदललेल्या चेहऱ्यासमोर मला पहिल्यांदा वाटलं, की हे सांगता येण्यासारखं आहे. शेवटी वही मिटून त्या म्हणाल्या, "मुलाखत संपली. आता शेजारीण म्हणून बोलते. उद्या दहाला तयार राहा. माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई आहेत, मी बरोबर येते. आणि आता चहा टाक."

बाईंनी दिलेला हा एकमेव सल्ला. मी तो ऐकला, म्हणून मी आणि रेवा आज धडधाकट आहोत.

रेवा आता तिसरीत आहे. बाई मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. संस्थेतली नवी मुलं टॅबलेट घेऊन फिरतात असं त्यांनीच एकदा जिन्यात सांगितलं होतं. पुढे त्या जिन्यातही दिसेनाशा झाल्या आणि मलाही ऑफिसातून डोकं वर काढायला फुरसत नव्हती. टॉवर कधीच उभा राहिला होता, तरी बाईंचे रुमाल थांबले नव्हते; पण एका रविवारी गॅलरीतून सहज खाली पाहिलं, तर त्यांची दोरी रिकामी. पुढच्या रविवारीही रिकामीच.

मी सकाळी बेल वाजवली, दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर वाजवली, तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी वाजवली. बाहेर कुलूप नव्हतं. चौथ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांच्या पायरीवर बसले. दाराकडे तोंड करून म्हटलं, "बाई, चौथी फेरी आहे."

बऱ्याच वेळाने कडी वाजली. बाई सुकल्या होत्या. सवयीने म्हणाल्या, "ये, चहा टाकते."

"मुलाखत संपेपर्यंत नाही," मी म्हटलं. "गेल्या पंधरा दिवसांत एकटं वाटलं?"

"असं विचारतात होय? 'एकटं' हे तू सुचवलंस."

"मग कसं विचारू?"

"मन कसं होतं, असं विचार."

"गेल्या पंधरा दिवसांत मन कसं होतं?"

बाई चष्मा काढून पुसत राहिल्या. मी म्हटलं, "पर्याय वाचून दाखवू का?"

"नको," त्या म्हणाल्या, आणि बोलायला लागल्या. सकाळी उठून अजून पिशवी भरते, म्हणाल्या. पेन, फॉर्म, पाण्याची बाटली. चप्पल घालताना आठवतं, की जायचं कुठेच नाही. बेल ऐकू आली होती, उठावंसंही वाटलं होतं, पण उठवलं नाही. हजारो बायकांना त्यांनी विचारलं होतं, आणि त्यांना स्वतःला हे कुणी विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. इतकी वर्षं मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहत होते, मीसुद्धा नाही.

ऐकताना चेहरा बदलायचा नाही हा नियम मला ठाऊक होता. मला तो पाळता आला नाही.

"कच्ची आहेस," बाई म्हणाल्या. उठून त्यांनी कपाटातून रुमालांची चळत आणली. सगळे स्वच्छ धुतलेले, इस्त्री केलेले. वरचा सोमवार माझ्या हातात दिला. मग मंगळवार स्वतःला घेतला.