गोदाक्काच्या जीपचा मोतीबिंदू

एका जंगलात एकच जीप होती. जंगलात जीप कुठून आली, असं विचारायचं नाही. तुमच्या गच्चीवर माकडं येतात, तेव्हा ती कुठून आली असं कोणी विचारतं का? मग गप्प बसून ऐका.

जीप होती गोदाक्का साळिंदरीची. ओढ्यापासून बाजाराच्या टेकाडापर्यंत ती वडाप चालवायची. दहा जणांच्या जागेत एकवीस जनावरं कोंबलेली असायची, तरी गोदाक्काच्या शेजारची जागा कायम मोकळी. काट्यांमुळे, दुसरं काय.

पण जीपचे पुढचे दोन्ही दिवे उन्हानं पिवळे पडून पार धुरकटले होते. आणि सोमवारी पासिंग होतं. दिव्यांत दोष निघाला तर जीप भंगारात, असा राजाचा कायदा. गोदाक्काला जीप चालवण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं. तिनं धसकाच घेतला.

तरी बाई हिमतीची. तिनं घरीच काम काढलं. आधी उजवा दिवा घेतला. पाण्यात भिजवलेला खरखरीत पॉलिश पेपर, मग मऊ, मग आणखी मऊ, शेवटी फडक्यावर टूथपेस्ट. दोन दिवस नुसतं घास घास घासलं. दिवा असा लखलखीत झाला की त्यात तिला स्वतःचा एकेक काटा दिसला. ती जाम खूश झाली आणि डाव्याला लागली.

आता नीट ऐका, घोळ इथं झाला. खरखरीत कागद मारला की दिवा आधी पांढराफटक होतो. मऊ कागद फिरला की मग उजळतो. गोदाक्काला हे ठाऊक होतं. पण नेमका मधल्याच वेळी बळवंत वानर तिथं टपकला. हा बळवंत एकदा माणसांच्या नेत्रशिबिराबाहेर झाडावर तीन दिवस बसला होता. तेव्हापासून सगळं जंगल त्याला डॉक्टर म्हणायचं.

त्यानं दिवा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"अक्का, आता हात लावू नका. मोतीबिंदू पिकलाय."

गोदाक्कानं सांगून पाहिलं की बाबा, अजून दोन कागद मारायचे राहिलेत. पण तोवर गर्दी जमली होती. पिकलेल्यावर कोणी घासतं का, अक्कानं काय दिवे लावलेत बघा, असं म्हणत सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. बळवंतनं डाव्या दिव्यावर हिरवी पट्टी बांधली. चाळीस दिवस पाणी लागू द्यायचं नाही, धूळ जाऊ द्यायची नाही, आणि जीपनं खाली वाकायचं नाही, असं बजावलं. म्हणजे उतार बंद. रविवारी दिवसभर जनावरं जीपला भेटायला येत होती. कोणीतरी रेडिएटरमध्ये नारळपाणीसुद्धा ओतलं.

सोमवारी गेंडासाहेब पासिंगला आले. त्यांना स्वतःला दहा पावलांपलीकडचं दिसत नसे, पण शिक्का त्यांच्याकडे होता. पट्टी पाहून ते हळहळले. त्यांच्या आईचंही असंच झालं होतं म्हणे. आजारी दिव्याला चाळीस दिवसांची सूट त्यांनी तिथल्या तिथं लिहून दिली. मग ते उजव्या दिव्यासमोर आले आणि त्यांचे डोळेच दिपले.

"एक डोळा म्हातारा आणि एक तरणा? हा दिवा चोरीचा आहे."

गोदाक्कानं घासायचे कागद दाखवले, सोलवटलेले पंजे दाखवले. साहेब काही बधले नाहीत. एका जिवाचे दोन्ही डोळे बरोबरच जातात, आईचे तसेच गेले होते, असं त्यांचं म्हणणं. जोडी जुळली नाही तर जीप भंगारात. भंगारवाला तरस मागं दोरखंड घेऊन उभाच होता.

गोदाक्काला रडू आलं. दोन दिवसांची मेहनत होती ती. तिनं डोळे पुसले, सगळ्यात खरखरीत कागद उचलला आणि त्या लखलखीत दिव्यावर फिरवला. जोर लावून, आडवातिडवा. दिवा पांढराफटक पडला.

"हां, आता पिकला," गेंडासाहेब समाधानानं म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हातानं त्यावरही हिरवी पट्टी बांधली, सूट लिहिली आणि शिक्का मारला.

अंधार पडला की गोदाक्का आता हॉर्न वाजवत अंदाजानं वडाप चालवते. कायद्यानं जीप ठणठणीत आहे.

तात्पर्य : मुलांनो, गाडीचे दिवे घरच्या घरी खुशाल उजळावेत, पण पासिंगच्या आधी नाही. आंधळ्या गाडीला शिक्का मिळतो. डोळस गाडीला विचारतात, डोळे आणलेस कुठून?