चौदा पानांची भरती

समुद्राविषयी मला सगळं माहीत आहे! सोलापुरात छत्तीस वर्षं ग्रंथपाल होतो. समुद्रावरची एकवीस पुस्तकं जवळजवळ पाठ आहेत. फक्त समुद्र तेवढा पाहायचा राहिला होता.

आमच्या मंडळाचं मुलांचं उन्हाळी शिबिर चाळीस वर्षं कोकणात समुद्रकाठी भरतं. यंदा संचालिका सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या, "सर, तुमी भरती-ओहोटीवर बोला की!" चारचौघांत स्वतःचं नाव सांगतानाही माझी बोबडी वळते. तरी हो म्हणालो. मरण्यापूर्वी एक तरी भाषण शेवटपर्यंत करायचं होतं! चौदा पानं लिहिली. बायकोला, काशम्माला, अकरा वेळा वाचून दाखवली.

जागाही मीच निवडली. आमच्याकडे उन्हाळ्यात सीना नदी आटली की पात्रात खुशाल पंगत बसते. इथंही तसंच सपाट, घट्ट वाळूचं मैदान, पार पाण्यापर्यंत!

"इतकी छान जागा, आणि एक माणूस बसत नाही!" मी म्हणालो. "कोकणातल्या लोकांना कळत कसं नाही?"

सतरंज्या पसरल्या, मला खुर्ची ठेवली. समुद्र पाहून बावचळायला नको म्हणून मी त्याच्याकडे पाठ केली आणि कागदात डोकं घातलं.

पहिलं पान निर्विघ्न पार पडलं. दुसऱ्यावर मुलं चुळबुळू लागली. विषय भिडला, असं मला वाटलं!

"भरतीचं पाणी," मी आवाज चढवला, "बेसावध माणसाला..."

"आजोबा, पाणी आलं!" मुलांतली वळसंगची पूनम किंचाळली.

चार दिवसांनी नळ येणाऱ्या गावचा माणूस मी. हे दोन शब्द कानी पडताच तोंडातून आपोआप निघालं, "मोटार लावा!"

तेवढ्यात समुद्रानं मागून खुर्चीला लाथ घातली! मी सतरंजीवर, सतरंजी पाण्यावर! चपला लग्नाच्या वरातीसारख्या निघाल्या, त्यांच्यामागून माझी उरलेली बारा पानं. पूनमनं सदरा धरून मला भिजलेल्या पोत्यासारखं ओढत वर आणलं. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"सर, लई भारी!" सिद्धेश्वरीबाई पदर पिळत म्हणाल्या. "भरती सगळ्यांना कळली. पुढच्या वर्षी भूकंपावर मात्र बोलू नका!"

संध्याकाळी काशम्माला फोन केला. "भाषण दुसऱ्या पानावरच बुडालं गं."

"दुसऱ्या?" ती म्हणाली. "समुद्रानं लई सोसलं म्हणायचं. मी तर पहिल्यावरच झोपते की!"