राजबिंड्याची गाजरं

क्रीमच्या कंपनीत विक्री सांभाळणाऱ्या त्या गृहस्थाला ऑफिसात सगळे ‘राजबिंडा’ म्हणत. त्यातला टोमणा त्याला एकट्यालाच कळला नव्हता. त्यामुळे नव्या क्रीमच्या जाहिरातीत कर्मचाऱ्यांपैकीच कोणाचा तरी चेहरा झळकणार म्हटल्यावर निवड झाल्यासारखाच तो वागू लागला. फक्त कातडी जरा तुकतुकीत करायची होती. क्रीम कशाची बनते हे ठाऊक असल्याने ती न लावता त्याने भाज्यांचा रस्ता धरला. सकाळी गाजरं, दुपारी गाजराचा रस, रात्री लाल भोपळा.

“अहो, कातडी आहे ती, भिंत नव्हे,” बायको म्हणाली. “जास्तीचे दोन हात दिले म्हणून उजळत नाही.”

थोड्याच दिवसांत तळहात पिवळे झाले, मग नाकही. बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. तिने त्याच्या पापण्या ओढून पाहिल्या.

“डोळे पांढरे आहेत, म्हणजे कावीळ नाही. गाजराचा रंग चढलाय. बंद करा, उतरेल.”

“म्हणजे गुण येतोय!” म्हणत त्याने रसाचा पेला मोठा केला.

ऑफिसात शेजाऱ्याने आपला कप गुपचूप लांब सरकवला. मॅनेजरने रक्त तपासून यायला फर्मावलं. याने रिपोर्ट ऐटीत टेबलावर ठेवला.

“साहेब, काहीही झालेलं नाही!”

“काही झालेलं नसताना असा दिसतोस?”

निवडीच्या दिवशी फोटोग्राफर रांगेवरून नजर फिरवत आला आणि याच्यासमोर थबकला. “हलू नका! असा चेहरा शोधून सापडायचा नाही.”

राजबिंड्याने सासूबाईंपर्यंत सगळ्यांना फोन केले. फलक लागला त्या संध्याकाळी बायकोला मुद्दाम चौकात नेलं. वर दोन चेहरे होते. उजवीकडे एरवी भाजी बघून नाक मुरडणारा कंपनीचा ड्रायव्हर, खाली लिहिलेलं ‘वापरल्यानंतर’. डावीकडे हा.

बायकोने मान वर करून नीट पाहिलं. “फोटो मात्र स्पष्ट आलाय हो.”

त्याने रागाने मॅनेजरला फोन लावला. “साहेब, ही माझी बदनामी आहे! उद्यापासून मी... काय? टीव्हीवर? मी एकटाच? बरं... बरं साहेब.”

फोन खिशात टाकून त्याने छाती पुढे काढली.

“अगं, भाजीबाजारातून जाऊ. टीव्हीवर म्हणे रंग जरा फिकाच दिसतो.”