गजूभाईंचा बारावा संघ

एका शुक्रवारी सकाळी साडेआठ वाजता, बहारीनमधल्या अरादच्या क्रिकेट मैदानावर, गजानन कुबल बाराव्या संघात दाखल झाले. अकराव्या संघाने त्यांना वगळून तेव्हा चौदा तास झाले होते. अकराव्या संघाचा स्कोअरर मी आहे, त्यामुळे दोन्ही वेळा नक्की आहेत.

कुबलांचं वय एकोणपन्नास, गाव वेंगुर्ल्याजवळ, नोकरी मुहर्रकच्या एका लाँड्रीत ड्रायव्हरची. स्वतःची ओळख मात्र ते ‘प्रोफेशनल आउटफिल्डर’ अशी करून देतात. तरुणपणी मस्कतला त्यांनी सीमारेषेवर एक झेल घेतला. तो पाहून एका कंत्राटदाराने त्यांना स्टोअरकीपर म्हणून ठेवलं. त्यानंतर शारजा, दोहा, कुवेत, बहारीन मिळून अकरा संघ झाले. एकाही संघाने काढलं, असं ते म्हणत नाहीत. ‘ट्रान्सफर’ झाली म्हणतात. दोह्याचा त्यांचा जुना कर्णधार हल्ली मनामात असतो. त्या ट्रान्सफरचं कारण मी त्याला विचारलं.

“बॉलर धावत होता आणि हा मागे तोंड करून उभा. वारा बघत होता.”

वारा ते अजूनही बघतात. टिश्यू पेपरचा तुकडा हवेत सोडतात आणि तो कुठेही पडला तरी मान डोलावतात. डाइव्ह मारत नाहीत. “बॉडी ही आपली रोजीरोटी,” असं आमच्या संघातल्या पुण्याच्या पोरांना सांगतात. माझं गाव कुडाळ, म्हणून माझ्याशी मालवणीत बोलतात.

“बाउंड्रीर उभ्या रवणा सोपा वाटला तुका? बॉलरापेक्षा डोक्या जास्त लागता.”

माझ्या वहीप्रमाणे दोन हंगामांत झेल चार, सुटलेले नऊ. आठ वेळा डोळ्यांत सूर्य आला. नवव्या वेळी आभाळ भरलेलं होतं. “सूर्याची सवय मोडली,” असं त्या दिवशीचं स्पष्टीकरण आहे.

मग ते संघात कसे, असा प्रश्न नवीन माणूस विचारतो. आखातातल्या शुक्रवारच्या क्रिकेटचा एक नियम आहे: ज्याच्याकडे सात सीटांची गाडी, तो अकरात. कुबलांकडे होती. मग आमचा कर्णधार अनिकेत याला दुसरं मूल झालं आणि त्यानेही सात सीटांची गाडी घेतली. कुबलांचं संघातलं स्थान त्या दिवशी संपलं. बारशाला सगळ्यांत जास्त पेढे त्यांनीच खाल्ले.

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला व्हॉट्सॲपवर अकरा नावं आली. कुबलांचं नव्हतं. सकाळी ते तरीही मैदानावर हजर होते, बूट घालून. समोरच्या संघातल्या एकाला अचानक शिफ्ट लागली होती.

“कोई एक्स्ट्रा है क्या?” त्यांच्या मल्याळी कर्णधाराने विचारलं.

“है,” कुबल म्हणाले. “प्रोफेशनल है.”

अनिकेत चाळीसवर असताना त्याने एक चेंडू उंच मारला. कुबल तीन पावलं मागे गेले आणि त्यांनी झेल घेतला. सूर्य होता.

“गजूभाई, काय हे? तुम्ही आपले ना?”

“होतो. काल साडेसहापर्यंत.”

आम्ही सहा धावांनी हरलो. सामन्यानंतर कुबलांनी मल्याळी कर्णधाराला पुढच्या शुक्रवारचं विचारलं.

“भाई, हमारा आदमी वापस आएगा. जगह मफी.” आखातातल्या हिंदीत मफी म्हणजे नाही.

“खलास,” कुबल म्हणाले.

बाकीचे अनिकेतच्या आणि आणखी एका गाडीत बसले. कुबलांच्या गाडीत मी एकटाच होतो. वाटेत त्यांनी विचारलं.

“मॅच नसलेली माणसा शुक्रवारी काय करतत रे?”

“झोपतत. कपडे धुतत.”

“कपडे मी सहा दिवस बघतंय.”

“घराकडे फोन करतत.”

“ताच तर. फोन लावलंय काय माझा चेडू पयला इचारता, बाबा, आज कॅच किती? काय सांगू तिका?”

मुलगी दहावीत आहे. तिच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून ते आखातात आहेत. दर शुक्रवारी ती हा प्रश्न विचारते, आणि उत्तर दर वेळी किमान दोन असतं, हे त्यांनी मला सिग्नलला थांबल्यावर सांगितलं. “आज एक कॅच खरो होतो,” म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी त्यांचं नाव कोणत्याच यादीत नव्हतं. आठ वाजता ते मैदानावर आले आणि दोरीच्या बाहेर उभे राहिले. बाहेर गेलेले चेंडू ते दोन्ही संघांना आत फेकून देत होते. पंचांनी दोनदा त्यांना मागे व्हायला सांगितलं. अकराव्या षटकात अनिकेतने षटकार मारला. दोरीपासून चार पावलांवर कुबलांनी तो एका हातात झेलला. पंचांनी दोन्ही हात वर केले. मी वहीत सहा धावा लिहिल्या. कुबलांनी चेंडू आत फेकला आणि घरी फोन लावला.