पट्टी लावून केलेली सही

भाऊंनी बॅट जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवली, शेजारी लाकडी पट्टी ठेवली आणि चष्मा पुसला. मंगळवार होता, सुपारी सोलायला गडी येणार होते. यापलीकडे त्या दिवसात विशेष काही नव्हतं.

"भाऊ, काय करताय?"

"सही पुसट झालीय गं. सामन्यांच्या लिलावात कुणाला दिसणार?"

त्यांची मुलगी अनुया स्वयंपाकघरातून येईपर्यंत काम उरकलं होतं. बत्तीस वर्षांपूर्वी रणजीपटू रामचंद्र खांबेटे यांची दिघीला शेवटची बोट चुकली. ते बोर्लीत भाऊंकडे पिठलंभात जेवले आणि जाताना या बॅटवर मराठीत सही करून गेले. सही कसली, चिरडलेला मुंगळाच तो. भाऊंनी ती काळ्या मार्करने गिरवली होती. नुसती गिरवली नव्हती, सुधारली होती. अक्षरं टपोरी, त्यांच्यात सारखं अंतर, वर पट्टी लावून ओढलेली शिरोरेषा. हायस्कुलात जन्मभर मराठी शिकवलेल्या हाताला दुसरं काही जमणारच नव्हतं.

"कसं आलंय?" भाऊंनी विचारलं. फळ्यावरचा सुविचार असो की वाण्याची यादी, लिहून झालं की ते हे विचारायचेच. अनुया लहानपणापासून "वाचता येतंय" एवढंच म्हणायची. त्या दिवशी तेवढंही म्हणाली नाही.

"वाट लावलीत, भाऊ."

भाऊ हसले. मार्करचं टोपण घट्ट लावलं. बुधवारी पहाटे ते झोपेतच गेले.

दीड महिन्याने गावच्या मंडळाचे क्रिकेटचे सामने आले. मंडळाचा गणराज भाऊंनी लिलावाला कबूल केलेली बॅट न्यायला आला, तेव्हा अनुयाने सही गिरवल्याचं न सांगताच ती दिली. मैदानावर जाऊन बघते तर भाऊंच्या फोटोखाली हातभर अक्षरांत फलक: 'अस्सल सहीच्या बॅटचा लिलाव'. त्या पैशांतून शाळेच्या मैदानाला कुंपण घालायचं होतं. फलकाचा फोटो फिरत फिरत पनवेलच्या प्रणयपर्यंत गेला होता. तो खेळाडूंच्या वस्तू जमवायचा. येताना भिंग घेऊनच आला.

"बॉस, ही सही नाय. हा कित्ता आहे."

"त्या काली मानसं शिस्तीची व्हती," गणराज म्हणाला.

"म्हणून बॅट्समन पट्टी घेऊन फिरायचा?" प्रणयने मोबाइलवर खरी सही दाखवली. तिथे मुंगळा होता. "मास्तरांना कोणी तरी फसवलंय. नायतर मग मास्तरांनीच..."

वाक्य त्याने अर्धं सोडलं, पण मैदानाने ते मनात पुरं केलं. अनुयाला ते दिसलं. तिने गणराजच्या हातून माइक घेतला.

"सही खरीच होती. माझ्या वडिलांनी ती गिरवली. पट्टी लावून. मी हे आधी सांगायला हवं होतं. बॅट मी घरी नेते."

मंडपातून टेम्पोवाला भागोजी उठला.

"थांब ताई. म्हंजे ह्या अक्षर मास्तरांचा हाय?"

"हो."

"सगला?"

"सगळं."

"मंग आधी न्हाय का सांगायचा? पाच हजार!"

"बस खाली!" कोळंबीवाली नीराबाई ओरडली. "वर्गात अंगठे धरून उभा असायचास, तू कुठं अक्षर बघितलंस? सहा!"

"खाली वाकलो तरी फला दिसतो. सात!"

"अहो, पण सही खोटी आहे!" प्रणय कळवळला.

"खेलाडूची आसंल. मास्तरांची खरी हाय."

"प्रूफ काय?"

भागोजीने टेम्पोच्या कागदांतून शाळा सोडल्याचा दाखला आणला. त्यावर भाऊंनी लिहिलं होतं, 'वर्तणूक: बरी'. प्रणयने भिंग आधी दाखल्यावर धरलं, मग बॅटवर, मग परत दाखल्यावर. धंद्याशी तो प्रामाणिक होता.

"शंभर टक्के अस्सल," तो हताशपणे म्हणाला, आणि लगेच हात वर करून, "आठ."

"तू गप रे!" पाच-सहा जण एकदम ओरडले.

गणराजने तीन वार पुकारले. बॅट सात हजारांतच भागोजीला गेली. त्याने ती आधी अनुयासमोर धरली.

"बघ ताई, येकदा."

तिने शिरोरेषेवरून बोट फिरवलं. रेषा कुठेही हलली नव्हती. माइक अजून तिच्या हातातच होता, म्हणून ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

"सुरेख आलंय, भाऊ."