तीनशे दोनचा अपवाद

तनुजाच्या स्क्रीनवरचा कमोड अंड्यासारखा दिसे. त्यात फक्त अकरा रेघा होत्या. त्या तिने एकदाच काढल्या, त्यांचा ब्लॉक, म्हणजे कॉम्प्युटरमधला ठसा, केला आणि चिकलठाण्याच्या इमारतीतल्या अट्ठेचाळीस फ्लॅटमध्ये तोच ठेवून दिला. मूळ ब्लॉक बदलला की अट्ठेचाळीसही बदलतात. एरवी मोजकं बोलणारी तनुजा आर्किटेक्टच्या ऑफिसात हे मात्र प्रत्येकाला सांगे, "एकदा नीट काढायचं. मग चूक होतच नाही."

तीनशे दोन नंबरचा फ्लॅट करमाडच्या तात्यासाहेबांचा. कमोड की इंडियन, हे त्यांचं दोन महिने ठरत नव्हतं. "सध्या इंडियन काढून ठेव, पोरी. मी इचार करून सांगतो."

अशा वेळी ब्लॉकची वेगळ्या नावाने प्रत करून मग बदल करायचा असतो. तेवढंच राहिलं. तिने मूळ ब्लॉकच बदलला. समोर एकटा तीनशे दोन दिसत होता, तो छान दिसला. नकाशे साइटवर गेले.

सोमवारी कचरू प्लंबरचा फोन आला. "म्याडम, तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात केली. तिथं आठही इंडियन बसवले. बाकीचे चाळीस मागवू का? दुकानदार इचारायलाय, शाळा बांधायले का म्हणून."

तनुजाने फाइल उघडून मोजलं. अट्ठेचाळीस. पुन्हा मोजलं. तितकेच.

तिला नोकरीत कायम करण्याचा कागद इंद्रजीत सरांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. कचरूला तिने थांबायला सांगितलं. सरांना चहानंतर सांगायचं ठरवलं. चहा झाला. मग जेवणानंतर. जेवणही झालं. तेवढ्यात सर म्हणाले, "चल साइटवर. तात्यासाहेब आलेत."

गाडीत तिने तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा "उकडतंय" एवढंच बाहेर पडलं.

तिसऱ्या मजल्यावर सरांनी एकेक दार उघडलं आणि हळूच लावलं. कचरूने नकाशा पुढे केला. "साहेब, नकाशाबरहुकूम हाय."

"हे कोणी केलं?"

"मी," तनुजा म्हणाली. "बदल एकाच फ्लॅटचा होता. ब्लॉकची प्रत करायची राहिली."

सरांनी नकाशाची घडी घातली. "सात फोडावे लागतील. एक तरी बरोबर बसलाय. तो तात्यासाहेबांना पसंत पडू दे, मग तुझ्या कागदावरच्या सहीचं बघू."

तीनशे दोनमध्ये तात्यासाहेब भांड्याभोवती फिरत होते. "झ्याक हाय," ते म्हणाले. तनुजाच्या जिवात जीव आला.

"नुसतं बघून काय कळतंय?" त्यांच्या पत्नी द्वारकाबाई म्हणाल्या. "बसून बघा की."

तात्यासाहेब विजारीसकट बसले. बसले ते बसलेच. दोन्ही गुडघे कडाडले. शेवटी एका बाजूने कचरूने आणि दुसऱ्या बाजूने सरांनी धरून त्यांना उभं केलं.

त्यांनी विजार झटकली, टोपी सारखी केली आणि तनुजाकडे वळून शांतपणे म्हणाले, "ठरलं, पोरी. कमोडच बसव."