भरलेल्या फळ्या

एका मोठ्या दुकानाच्या काचसामान विभागात एक विक्रेती अठरा वर्षं कपबश्या विकत होती. सगळे तिला काचबाई म्हणत. कपावर टिचकी मारून ती असा नाद ऐकवायची, की एक कप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक सहा घेऊन जायचं.

त्या वर्षी मुख्य कार्यालयाच्या असं लक्षात आलं, की रिकामी फळी गिऱ्हाइकाच्या मनावर विपरीत परिणाम करते. सबब, विभागाची गुणवत्ता यापुढे विक्रीवरून नव्हे, तर फळ्या किती भरलेल्या दिसतात यावरून ठरणार होती. रोज दुपारी एक निरीक्षक येऊन फोटो काढू लागला.

पहिल्याच महिन्यात काचबाई सर्वांत खाली गेली. तिने नवा माल मागितला. खरेदी विभागाने कळवलं, की ज्यांना आहे तो माल सांभाळता येत नाही, त्यांना आणखी देणं धोरणात बसत नाही. विभागप्रमुखाची जागा तिला मिळायची होती, तीही लटकली. शेजारचा पातेलीवाला दिवसभर स्टुलावर पेंगायचा. त्याचा सत्कार झाला.

व्यवस्थापकांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्याही डोक्यावर कोणी होतंच.

"बाई, जरा हात आवरा," ते म्हणाले. "विचारलं तरच दाखवा."

"आणि घेतोच म्हणाले तर?"

"विचार करून या म्हणावं."

दुसऱ्या दिवशी एक मुलगी आईला घेऊन नव्या संसारासाठी कपबश्या घ्यायला आली. निळ्या नक्षीचा सेट तिने दोनदा हातात घेतला. रंग टिकत नाही, असं काचबाईने सांगून टाकलं. मुलगी हिरमुसून गेली. त्या दुपारी काचबाईला डब्यातला घास गेला नाही. नंतर मात्र जाऊ लागला.

तीन महिन्यांत ती पहिली आली, प्रमुखही झाली. खप शून्य, त्यामुळे खरेदी विभागालाही काम उरलं नाही. त्यांनाही अचूक नियोजनाचं प्रशस्तिपत्र मिळालं.

आनंदाची बातमी घेऊन ती घरी गेली. नवऱ्याने कान तुटलेल्या कपात चहा दिला. आज तरी लग्नातला सेट काढा, ती म्हणाली.

"तो पाहुण्यांसाठी आहे," तो म्हणाला.

"पाहुण्यांना तर आपण कागदी कपात देतो."

"मग? उगाच फुटला तर?"

तिला ते पटलं.

हसू येत असेल तर खुशाल हसा. फक्त त्याआधी, तुमच्या बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटाची किल्ली कुठे आहे, तेवढं आठवून सांगा.